उठलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं

२४ ऑगस्ट १८९८. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर हा छत्तीस वर्षांचा सर्जन स्वतःच पेशंट होऊन बसला होता. त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट त्याच्या पाठीच्या कण्यात सुई घालत होता. कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन करता येतं, हे बिअरने आठवड्याभरापूर्वीच एका मजुराच्या घोट्यावर सिद्ध केलं होतं. पण त्या औषधाचा त्रास काय होतो, हे त्याला स्वतःच्या शरीरावर पाहायचं होतं.

प्रयोग फसला. सुई आत गेली, पण सिरिंज तिला नीट बसेना. कोकेनचं द्रावण बाहेर सांडलं आणि त्यासोबत कण्यातलं बरंच पाणीही वाहून गेलं. मग हिल्डेब्रांट म्हणाला, माझ्यावर करा. त्याच्यावर मात्र प्रयोग जमला. नडगीवर हातोडी मारली, पायाला जळती सिगार लावली, तरी गड्याला वेदना नाही. त्या रात्री दोघं जेवले, वाइन प्यायले, सिगारी ओढल्या.

दुसऱ्या दिवसापासून बिअरचं डोकं धरलं. उठलं की चक्कर आणि ठणका, आडवं झालं की सगळं शांत. नऊ दिवस तो अंथरुणात होता. हिल्डेब्रांटलाही उलट्या झाल्या, डोकं दुखलं, वर नडगी काळीनिळी. १८९९ साली बिअरने हे सगळं प्रामाणिकपणे छापलं, आणि पाणी कमीत कमी वाहू द्यावं असंही सुचवलं. आज जगभर लाखो सिझेरियन ज्या पाठीतल्या भुलीवर होतात, तिच्या जन्माच्या दाखल्यावरच ही डोकेदुखी नोंदलेली आहे. म्हणून मला हा इतिहास आवडतो.

हे असं का होतं? आपला मेंदू कवटीत तरंगत असतो. हवेत त्याचं वजन साधारण १४०० ग्रॅम, पण भोवतालच्या द्रवात तो जेमतेम ५० ग्रॅमसारखा वागतो. हा द्रव असतो सुमारे १५० मिलिलिटर, आणि रोज जवळपास अर्धा लिटर नव्याने तयार होतो. त्याला सांभाळणाऱ्या ड्युरा नावाच्या आवरणाला भोक पडलं आणि गळती उत्पादनापेक्षा जास्त झाली, की उभं राहताच मेंदू खाली ओढला जातो. आवरणं ताणली जातात आणि रिकामी जागा भरायला रक्तवाहिन्या फुगतात. म्हणून दुखतं.

सुई न टोचताही असं होऊ शकतं, हे १९३८ मध्ये गेओर्ग शाल्टेनब्रांट या जर्मन न्यूरॉलॉजिस्टने मांडलं. त्याला वाटलं की मेंदू पाणी कमी बनवतो. खरं कारण बहुतेक वेळा गळती असते, हे नंतर कळलं. पण त्याचं नाव घेताना दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. नाझी काळात याच माणसाने मल्टिपल स्क्लेरोसिसचं मूळ शोधण्यासाठी मनोरुग्णांच्या शरीरात त्यांच्या संमतीशिवाय माकडांचा द्रव टोचला, आणि १९४३ मध्ये त्यावर पुस्तकही छापलं. युद्धानंतर तो पुन्हा प्राध्यापक झाला. बिअरने सुई स्वतःच्या पाठीत घेतली होती. याने ती नाही म्हणू न शकणाऱ्यांच्या शरीरात घातली. दोघांचंही नाव एकाच आजाराच्या इतिहासात येतं, पण मी तरी त्यांना एका ओळीत बसवणार नाही.

उपाय मात्र साध्या निरीक्षणातून आला. सुई टोचताना ज्यांना थोडं रक्त आलं, त्यांचं डोकं नंतर कमी दुखतं, असं जेम्स गॉर्मली या अमेरिकन सर्जनच्या लक्षात आलं. रक्त गोठून भोक बुजत असेल का? १९६० मध्ये त्याने सात जणांच्या कण्यात, ड्युराच्या बाहेर, त्यांचंच दोन-तीन मिलिलिटर रक्त टोचलं. सातांपैकी एक तो स्वतः होता. सगळ्यांना आराम पडला. तरी डॉक्टर बिचकत होते, कारण कण्यात रक्त म्हणजे जंतुसंसर्गाची भीती. १९७० मध्ये डिजोव्हानी आणि डनबार यांनी ४५ रुग्णांवर दहा मिलिलिटर रक्त वापरून पद्धत बसवली. हाच ‘ब्लड पॅच’. आज दंडातून बहुधा पंधरा-वीस मिलिलिटर रक्त काढून ते कण्यात देतात. पंक्चर काढायला ट्यूबला ठिगळ लावतात, तसंच. दरम्यान १९५१ मध्ये व्हिटेकर आणि हार्ट यांनी पेन्सिलीच्या टोकासारखी सुई आणली. ती आवरण कापत नाही, तंतू बाजूला सारते. त्यामुळे मुळात डोकेदुखीच कमी झाली.

आपोआप होणाऱ्या गळतीचे रुग्ण मात्र बराच काळ उपेक्षित राहिले. सुई टोचलेलीच नाही, मग गळती शोधणार कोण? त्यांना मायग्रेन म्हटलं गेलं, मनाचे खेळ म्हटलं गेलं. १९९०च्या दशकात एमआरआयवर मेंदूची जाड दिसणारी आवरणं आणि खाली सरकलेला मेंदू दिसू लागला, तेव्हा त्यांच्या तक्रारीला पुरावा मिळाला. २०१४ मध्ये शिविंक यांच्या गटाने दाखवलं की कधी कधी भोक नसतंच, द्रव थेट एखाद्या शिरेत निचरतो. आता ती शीर बंद करायचे उपचारही आहेत.

आपल्याकडे सिझेरियननंतर बाईला उशी न देता सपाट झोपवायची पद्धत अजून दिसते. झोपून राहिल्याने डोकेदुखी टळते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. झाल्यावर झोपल्याने बरं वाटतं, एवढंच. पण ‘इंजेक्शनचं आहे, राहील आपोआप’ असं म्हणून ओल्या बाळंतिणीला गप्प बसवलं जातं. बाळाला घ्यायला उठायचं असतं तेव्हाच डोकं फुटतं, हे ती सांगणार कोणाला? अनेकदा ते खरंच आपोआप थांबतं, पण नाही थांबलं तर उपाय आहे. शिवाय बाळंतपणानंतरची डोकेदुखी रक्तदाबाची किंवा मेंदूतल्या शिरेत झालेल्या गुठळीचीही असू शकते, म्हणून डॉक्टरला दाखवणं टाळू नये.

सव्वाशे वर्षांत सुया बदलल्या, मशिनं आली. निदानाची सुरुवात मात्र अजून बिअरच्या अंथरुणातूनच होते. कोणी डोकं धरून बसलं, तर गोळी शोधण्याआधी एवढं विचारा: आडवं झाल्यावर थांबतं का? आणि उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसावर विश्वास ठेवा.