वाळीत टाकलेला सेनापती

इतिहास जेते लिहितात, असे आपण नेहमी ऐकतो. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या बाबतीत मात्र पुष्कळ वर्षे हरलेल्या पक्षाचीच लेखणी अधिक जोरात चालली. त्या लेखणीने आपल्या काही सेनानींना देवपण दिले आणि एकाला सगळ्या पराभवाचे धनी केले. तो एक म्हणजे जनरल जेम्स लॉंगस्ट्रीट. उत्तरायुष्यात तो कॅथलिक झाला, म्हणून त्याच्याविषयी आम्हांला प्रथम कुतूहल वाटले. पण चरित्र वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की ‘निष्ठा’ या शब्दाचाच त्याच्या आयुष्यात कस लागला आहे.

लॉंगस्ट्रीटचा जन्म ८ जानेवारी १८२१ रोजी साउथ कॅरोलायनात झाला. बालपण जॉर्जियात, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या कापसाच्या मळ्यात गेले. पुढे त्याला वाढवले ते त्याचे काका ऑगस्टस यांनी. दक्षिणी राज्यांच्या हक्कांचे ते कट्टर कैवारी होते. १८४२ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडला तेव्हा छप्पन्न जणांत त्याचा क्रमांक चौपन्नावा होता! तिथेच त्याची एका अबोल मुलाशी मैत्री जडली. तो मुलगा म्हणजे युलिसिस ग्रँट. १८४८ साली ग्रँटचा विवाह झाला. वधू ज्युलिया ही लॉंगस्ट्रीटच्या नात्यातली होती आणि त्या सोहळ्याला तो हजर होता.

१८६१ साली गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटली. ज्या राष्ट्राच्या ध्वजासाठी मेक्सिकोच्या युद्धात लॉंगस्ट्रीटने गोळी झेलली होती, त्या राष्ट्राच्या सेवेचा त्याने राजीनामा दिला आणि तो फुटीर सैन्यात दाखल झाला. राष्ट्राला दिलेली शपथ की आपली माणसे, या पेचात त्याने आपली माणसे निवडली. त्याबद्दल दक्षिणेत कोणीही त्याला विश्वासघातकी म्हटले नाही.

युद्धात तो सरसेनापती रॉबर्ट लीचा उजवा हात झाला. ली त्याला आपला जुना लढाऊ घोडा म्हणे. १८६२ च्या आरंभी रिचमंड शहरात स्कार्लेट तापाने त्याची तीन मुले आठवड्याभरात दगावली. तरीही तो आघाडीवर परतला. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर शत्रूला बगल देऊन वळसा घालावा, असे त्याने सुचवले. लीने ते मानले नाही. तिसऱ्या दिवशी, ३ जुलैला, उघड्या मैदानातून सुमारे साडेबारा हजार सैनिकांना समोरच्या तोफांवर पाठवायचे होते. हुकूम देण्याची वेळ आली तेव्हा लॉंगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने फक्त मान हलवली. त्यांतले निम्म्याहून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले वा शत्रूच्या हाती सापडले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच्याच बाजूच्या सैनिकांच्या गोळीने त्याचा गळा भेदला आणि उजवा हात निकामी झाला. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे लीने ग्रँटपुढे शरणागती पत्करली. त्या प्रसंगी ग्रँट लॉंगस्ट्रीटला भेटला तो जुन्या मित्रासारखा.

खरी कसोटी तर त्यानंतरच होती. लॉंगस्ट्रीट न्यू ऑर्लिन्स येथे कापसाच्या व्यापारात स्थिरावू पाहत होता. १८६७ साली अमेरिकन संसदेने दक्षिणेच्या पुनर्रचनेचे कायदे केले. त्यांनुसार तेथील कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळणार होता. आपण तलवारीने दाद मागितली आणि हरलो, आता कायदा मानलाच पाहिजे, असे त्याने वृत्तपत्रांतून जाहीरपणे लिहिले. पत्र छापू नकोस, तुझा सर्वनाश होईल, असे काका ऑगस्टस यांनी बजावले होते. झालेही तसेच. गिऱ्हाइके तुटली, मित्रांनी तोंड फिरवले. युद्धमित्र त्याला रस्त्यात ओळख दाखवेनासे झाले. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या गावांना वेगळे सांगायला नको.

त्याचा हेतू सर्वस्वी निर्मळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. नव्या मतदारांना गोऱ्यांनी हाताशी धरले तर सत्तेची सूत्रे आपल्याच हाती राहतील, असाही त्याचा हिशोब होता. शिवाय १८६९ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रँटने त्याला न्यू ऑर्लिन्सच्या जकात खात्यात अधिकाराची जागा दिली. परंतु १४ सप्टेंबर १८७४ रोजी हिशोबाच्या पलीकडचे काही त्याने केले. कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी ‘व्हाइट लीग’ या संघटनेचे सुमारे पाच हजार सशस्त्र गोरे रस्त्यावर उतरले. त्यांच्यासमोर लॉंगस्ट्रीट उभा राहिला, पोलीस आणि कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणी घेऊन. दक्षिणेच्या सैन्यातले त्याचे अनेक जुने सोबती त्या दिवशी समोरच्या रांगेत होते. त्याला घोड्यावरून खाली ओढण्यात आले आणि तो कैद झाला. अखेर ग्रँटने फौज पाठवल्यावर सरकार पुन्हा स्थापन झाले.

तो एपिस्कोपल पंथाचा होता. त्याच्या द्वितीय पत्नीने पुढे सांगितल्याप्रमाणे, उपासनेच्या वेळी तो ज्या बाकावर बसे तिथून जुने स्नेही उठून दुसरीकडे जात. प्रभूच्या घरात शेजारी बसायला माणूस नाही, याहून मोठे एकाकीपण कोणते? अशा वेळी फादर एब्राम रायन यांनी त्याला आश्वासन दिले, की कॅथलिक ख्रिस्तसभा तुझे खुल्या बाहूंनी स्वागत करील. हे फादर रायन म्हणजे दक्षिणेच्या पराजित ध्वजावर शोकगीत रचणारे कवी! ज्या पक्षाने लॉंगस्ट्रीटला टाकले त्याच पक्षाच्या कवीने त्याच्यासाठी दार उघडले. मार्च १८७७ मध्ये तो कॅथलिक झाला आणि अखेरपर्यंत श्रद्धावान राहिला. यावरून आपल्या ख्रिस्तसभेने फुशारून जाण्याचे मात्र कारण नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलामांची विक्री केली होती, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे.

दरम्यान दक्षिणेची लेखणी थांबली नव्हती. १८७० साली ली निवर्तला आणि त्यानंतर जुबल अर्ली व विल्यम पेंडल्टन या जुन्या सेनाधिकाऱ्यांनी आरोप केला, की २ जुलैच्या सूर्योदयाला हल्ला करण्याचा लीचा हुकूम लॉंगस्ट्रीटने मोडला आणि म्हणून गेटिसबर्ग हातचे गेले. असा हुकूम आपल्याला ठाऊक नाही, असे खुद्द लीच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी लेखी कळवले. पण दंतकथेला पुरावा लागत नाही. लॉंगस्ट्रीटने १८९६ साली आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. तरी तो डाग त्याच्या हयातीत पुसला गेला नाही.

२ जानेवारी १९०४ रोजी जॉर्जियातील गेन्सव्हिल गावी त्याने देह ठेवला. त्याच्या अंत्यविधीचे पौरोहित्य सावन्नाचे बिशप बेंजामिन कायली यांनी केले. तेही तरुणपणी दक्षिणेच्याच सैन्यात शिपाई होते.

न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ साली स्मारकस्तंभ उभारला गेला तो लॉंगस्ट्रीटचा नव्हे, तर ‘व्हाइट लीग’च्या बंडाचा; २०१७ साली तो हटवण्यात आला. गेटिसबर्गच्या भूमीवर लॉंगस्ट्रीटचा पुतळा बसायला १९९८ साल उजाडले.

आम्हांला विचारात पाडते ते हे: लॉंगस्ट्रीटने दोनदा बाजू बदलली. माणसांना गुलामीत ठेवण्यासाठी पहिल्यांदा बदलली, तेव्हा समाजाने त्याला वीर म्हटले. त्याच माणसांच्या मताधिकाराच्या बाजूने दुसऱ्यांदा बदलली, तेव्हा त्याला द्रोही ठरवले. आपल्या माणसांवर निष्ठा असावी, हे खरेच. पण ‘आपली माणसे’ कोणाला म्हणायचे, हे ठरवताना बाकावरून उठून गेलेल्यांत आपण होतो की शेजारी जाऊन बसलेल्यांत, याचा हिशोब एक दिवस द्यावाच लागतो.