नंजनगूडच्या वाटेवरील यंत्रवैद्यकी

म्हैसूरहून दक्षिणेस निघालेला रस्ता चोवीसेक किलोमीटरांवर कपिला नदी ओलांडून नंजनगूडला पोचतो. तेथला दगडी पूल १७३५ साली दळवाई देवराजाने बांधला. पुढे त्यावरूनच आगगाडीही धावू लागली. गावाचा देव नंजुंडेश्वर, म्हणजे विष पचविणारा. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे त्याने बरे केले आणि सुलतानाने त्यास ‘हकीम’ ही पदवी दिली, अशी आख्यायिका आहे. वैद्यकीचा लौकिक असलेल्या या परिसराने यंत्रवैद्यकीचीही दोन युगे पाहिली.

पहिले युग जावाचे. रुस्तम व फारोख या मुंबईच्या इराणींनी चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर म्हैसूरच्या यादवगिरीत ‘आयडियल जावा’ हा कारखाना १९६१ साली सुरू केला. पुढे ‘येझदी’ या नावाने त्या गाड्या देशभर पोचल्या. यंत्र दोन-स्ट्रोकचे, अडीचशे सी. सी.चे, गिअर आणि किक यांचा दांडा एकच. त्याची शुश्रूषा डोळे, कान आणि नाक यांच्या भरवशावर चाले. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकावा, पॉइंट घासून पुसून घ्यावे, प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखावे. रोग दिसत असे, म्हणून उपायही सुचत असे.

दुसऱ्या युगाचा उगम दूर जपानात आहे. धुराविषयीचे अमेरिकन निर्बंध कडक होत असताना १९८० साली कावासाकीने आपल्या झेड-१००० या हजार सी. सी.च्या बलाढ्य गाडीत इंधन-फवारणीची योजना आणली. तिचे मूळ बॉश या जर्मन कंपनीच्या मोटारींसाठीच्या पद्धतीत होते. आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या प्रवाहात एक झडप असे. ती किती ढकलली गेली यावरून विजेची एक पेटी पेट्रोलची मात्रा ठरवी आणि पंपाच्या दाबाखाली ते इंजेक्टरांतून फवारले जाई. १९८२ च्या जीपीझेड-११०० मध्ये ती झडप गेली व थ्रॉटलची स्थिती आणि इंजिनचे फेरे हेच मापन झाले.

आज ही गाडी जतन करणाऱ्याची कसोटी येथेच आहे. झडपेच्या यंत्रणेत हवेच्या रबरी नळीला केसाएवढी चीर गेली, तरी न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिन मंद चालीवर गडबडते. मात्र दोष नळीचा की पेटीचा, हे कानाला कळत नाही. त्यासाठी मीटर घेऊन एकेक तार तपासावी लागते. बहुतेक वेळा अपराधी निघतो तो गंजलेला जोड, आणि बिचारी पेटी विनाकारण बदनाम होते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की शिळ्या पेट्रोलचा चिकटा इंजेक्टरांच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. टाकीतला गंज गाळणीपर्यंत येतो. जुन्या रबराला आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा उपद्रव होतो, म्हणून नळ्या बदलणे हे पहिले काम. पण खरी पेटीच जळाली तर तिची जागा घेणारा नवा भाग कारखान्यातून येत नाही. मग दुसरी मृत गाडी शोधावी, नाही तर आधुनिक पेटी बसवून मूळपणावर पाणी सोडावे.

भारतात या बलाढ्य गाड्या विरळाच. येथे जपानी तंत्र आले ते शंभर सी. सी.च्या रूपाने, १९८० नंतरच्या दशकात. कमी पेट्रोल पिणाऱ्या त्या गाड्यांपुढे जावाचा टिकाव लागला नाही आणि १९९६ साली यादवगिरीतला कारखाना बंद पडला. फवारणी भारतीय मोटारसायकलीत २००६ साली हीरो होंडाच्या ग्लॅमरमध्ये अवतरली. एके काळी सुझुकीच्या सहकार्याने वाढलेल्या टीव्हीएसचा कारखाना आज म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरच आहे, आणि २०२० च्या धूरविषयक नियमांनंतर तशी फवारणी साध्या दुचाकीतही नित्याची झाली.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे ओलांडलेले वाहन ‘विंटेज’ ठरते. म्हैसूरच्या पहिल्या जावांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली. १९८० ची कावासाकी २०३० मध्ये त्या पंक्तीत येईल. तोवर तिची ती पेटी चालू राहिली पाहिजे.