जीपची काढघालीची दारे

जीप किंवा तिच्या जातीच्या गाडीला बिजागरीतून उपसून काढता येतील आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा बसवता येतील अशी दारे. कॅनव्हासची, पत्र्याची आणि नुसत्या वाकवलेल्या नळीची असे त्यांचे तीन प्रकार. शहरात हा हौसेचा विषय आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तो पावसाचा आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वरंध घाटाने भोरला, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला आणि कशेडी घाटाने खेडला जाणारे रस्ते येथूनच चढतात. डोंगरातल्या वाड्यांवर जाणाऱ्या गाडीचे दार नीट लागत नसेल, तर जून ते सप्टेंबर आतला माणूस भिजतोच.

मूळ जीपला दार नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला बसणारा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून आडवा पट्टा असे आणि पावसासाठी कॅनव्हासचे पडदे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत याच गाडीची जोडणी सुरू केली. तिच्या पुढच्या पिढ्या, म्हणजे सीजे, एमएम ५४० आणि त्यांच्यानंतरच्या गाड्या, बहुधा कॅनव्हासच्या हूडसह विकल्या गेल्या. पत्र्याचे टप आणि पत्र्याची दारे चढवण्याचे काम गावोगावच्या बॉडीवाल्यांकडे आले. म्हणून जुन्या जीपचे दार हा ठरावीक मापाचा सुटा भाग नसतो. ते त्या एका गाडीच्या चौकटीवरून बेतलेले असते. शेजारच्या जीपचे दार तर सोडाच, त्याच गाडीच्या दोन बाजूंची मापेही पुष्कळदा जुळत नाहीत. जुळवणी हे वेगळे कसब होऊन बसले ते यामुळे.

कॅनव्हासचे दार सर्वांत साधे. सळईची चौकट, तिला खाली वळवलेल्या दोन पिना, आणि त्या पिना बसतात अशा बॉडीवरच्या दोन खोबण्या. दार उचलले की सुटते. जुळवायचे म्हणजे चौकट गुडघ्यावर धरून किंचित वाकवायची, याहून मोठे शास्त्र त्यात नाही. खोड कापडात आहे. सुती कॅनव्हास भिजला की आखडतो. मे महिन्यात घट्ट ताणून बसवलेला हूड जुलैत दाराची वरची कड आत ओढतो आणि कोपऱ्यात बोटभर फट पडते. जाणता कारागीर उन्हाळ्यात हूड बांधताना पट्ट्याची दोन भोके राखून ठेवतो.

पत्र्याच्या दाराचे काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि घाईत नेमक्या त्याच राहतात. पहिली, बिजागरीची झीज. दार अर्धे उघडून मागच्या कडेला धरून वर उचलावे. ते बिजागरीतच हलत असेल, तर पिन किंवा तिच्यातला बुश झिजला आहे. तो बदलल्याशिवाय बोल्ट कितीही सरकवले तरी महिनाभरात दार पुन्हा लोंबते. दुसरी गोष्ट चौकटीची. जीपची बॉडी चेसिसवर रबरी पॅडांवर बसलेली असते. एखादे पॅड दबले की दाराची चौकट तिरकी होते. गाडी सपाट जमिनीवर, चारही टायरांत सारखी हवा भरून उभी करावी आणि चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावे. फरक निघाला तर दोष दारात नाही, पॅडात आहे. गाडी जॅकवर असताना दार बसवणे तर सर्वस्वी चुकीचे. चेसिस तेव्हा पिळलेली असते.

मग बिजागऱ्या. बॉडीवरची बोल्टची भोके लांबट ठेवलेली असतात, त्यामुळे बिजागरी थोडी मागेपुढे, वरखाली सरकते. बोल्ट हातघट्ट ठेवून एकाने दार धरावे, दुसऱ्याने पाना चालवावा. हे एकट्याने होण्यासारखे काम नाही. आधी पुढची फट वरपासून खालपर्यंत सारखी करायची, मगच मागची पाहायची. मागचा कोपरा खाली उतरला असेल तर वरची बिजागरी पुढे घ्यावी किंवा खालची मागे. येथे अंदाज भल्याभल्यांचा चुकतो, कारण बिजागरीवरचा केसभर फरक मागे मोठा होऊन दिसतो. दोन बिजागऱ्यांत सव्वा फुटाचे अंतर आणि दाराची लांबी अडीच फूट असेल, तर वरची बिजागरी एक मिलिमीटर सरकली की मागचा कोपरा दोन मिलिमीटर उचलला जातो. दार बाहेर फुगलेले किंवा आत गेलेले असेल तर बिजागरीच्या पानाखाली पातळ वॉशर घालून किंवा काढून ते साधतात.

मागच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्या खुंटीला लॉक जाऊन धरते ती, सर्वांत शेवटी. पुष्कळ गॅरेजांत उलटा क्रम चालतो: दार लागत नाही, चला स्ट्रायकर खाली घ्या. दार लागते, पण ते आता लॉकवर टेकलेले असते आणि खराब रस्त्यावर प्रत्येक दणका लॉक खाते. तपासणी सोपी आहे. दार अगदी सावकाश लोटावे. लॉक धरताना दार वर चढले किंवा खाली बसले, तर स्ट्रायकर चुकला. नीट बसलेल्या दाराचा आवाज दोनदा येतो, आधी अर्धा खटका आणि मग पूर्ण. शेवटची परीक्षा पिळाची. गाडी अशी उभी करावी की एक चाक दगडावर चढलेले असेल, आणि मग दोन्ही दारे उघडून लावून पाहावी.

पाणी अडवणारे दाराच्या कडेचे रबर बसवल्यावर दार जड लागते. म्हणून बिजागरी ढिली करू नये, चार दिवस दार बंद ठेवले की रबर दबते. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून ओढून पाहावी. जेथून ती अलगद निसटते तेथून पाणी येणार. त्याहून महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे दाराच्या तळाची निचऱ्याची भोके. काचेच्या फटीतून दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी जातेच, ते या भोकांतून बाहेर पडावे अशी योजना असते. लाल मातीने भोके बुजली की दार आतून सडते आणि आत साठलेल्या गाळाच्या वजनाने बिजागरी लोंबते. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा बुडालेल्या वाहनांच्या दारांत असा गाळ भरला. काढघालीच्या दाराचा खरा फायदा येथे दिसतो: ते उतरवून उलटे करता येते आणि पाण्याच्या जोराने आतून धुता येते.

कारखान्यातूनच सुटी होणारी दारे भारतात जीप रँग्लरला मिळतात. तिची जोडणी २०२१ पासून पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला होऊ लागली. बिजागरीच्या पिनांचे बोल्ट काढायचे, दार जास्त उघडू न देणारा पट्टा सोडवायचा, विजेच्या तारांची जोडणी उपसायची आणि दार सरळ वर उचलायचे. तारांची जोडणी विसरून दार उचलले तर खर्च मोठा होतो. २०२० च्या महिंद्र थारच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात, म्हणून तिची दारेही काढण्यासाठीच आहेत असा समज पसरला आहे. तो खरा नाही.

उतरवलेली दारे आडवी रचू नयेत. कापड गुंडाळून उभी ठेवावी, काढलेले बोल्ट त्याच बिजागरीत परत फिरवून ठेवावे आणि बॉडीतली उघडी जोडणी झाकावी. जुन्या जीपांचा आरसा बहुधा पुढच्या काचेच्या चौकटीवर असे. नव्या गाड्यांचा आरसा दारावर असतो आणि दाराबरोबर जातो, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचे दाखवणारा आरसा आवश्यक आहे. दारे काढून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवू नये असे रँग्लरच्या पुस्तिकेतही बजावलेले आहे. पावसाळ्यात धुके पाहायला आंबेनळीत दारे काढून येणाऱ्यांनी ते पान वाचलेले दिसत नाही. उत्पादकाने ठरवलेल्या घडणीत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा अधिक स्पष्ट केली. त्यामुळे कॅनव्हासच्या जागी पत्र्याचे टप आणि दारे कायमची चढवायची असतील, तर महाड-पोलादपूरच्या गाडीमालकाने आधी पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी, बॉडीवाल्याकडे नंतर जावे.