टोपीवाला बोका पुन्हा येतो

एखादे पुस्तक गाजले की त्याचा दुसरा भाग निघतो, आणि बहुधा तो पहिल्या पंगतीचे उरलेसुरले वाढणारा असतो. आज ज्या दुसऱ्या भागाविषयी बोलायचे आहे, ते सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले अमेरिकेतले एक यमकबद्ध चित्रपुस्तक. आपण म्हणाल, यात इतिहास तो कसला?

१९५४ साली 'लाइफ' साप्ताहिकात जॉन हर्सी या कादंबरीकाराने एक खरमरीत लेख लिहिला. मुलांना वाचायची गोडी लागत नाही, याचा दोष त्याने शाळेतल्या वाचनपाठांवर ठेवला. त्यांतली मुले सदा धुतलेली, कधी न भांडणारी, चित्रे निर्जीव. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश याने निराळा घाव घातला. मुलांना अक्षरे व ध्वनी न शिकवता अख्खा शब्द पाहून ओळखायला लावतात, हेच मूळ दुखणे, असे त्याचे म्हणणे. (आपल्याकडे 'क'चा उच्चार 'क'च होतो, इंग्रजी स्पेलिंगची सर्कस ज्यांनी सोसली आहे, त्यांना या वादाची धग कळेल.)

तेव्हा एका प्रकाशकाने थिओडोर गायझेल, म्हणजेच 'डॉक्टर स्यूस', यांच्यापुढे ठराविक शब्दांची यादी टाकली. त्या बेडीतून १९५७ साली टोपीवाला बोका बाहेर पडला. सारे पुस्तक अवघ्या २३६ निरनिराळ्या शब्दांचे! यमक असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार याचा मुलाला अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बरोबर आला की ते स्वतःवर खूष होते. शाळा बिचकल्या, दुकानांतून मात्र पुस्तक धडाक्याने खपले.

१९५८ साली बोका परत आला. आई बाहेर गेलेली, मुले बर्फ उपसताहेत, आणि स्वारी न्हाणीच्या टबात बसून केक खाते आहे! टबाला गुलाबी डाग पडतो. तो पुसावा तर आईच्या पांढऱ्या झग्यावर जातो, तिथून भिंतीवर, मग वडिलांच्या बुटांवर, गालिच्यावर, बिछान्यावर. निस्तरायला टोपीखालून छोटा बोका निघतो, त्याच्या टोपीखालून आणखी छोटा. त्यांची नावे काय, तर ए, बी, सी... शेवटचा झेड तर डोळ्यांना दिसतही नाही. तोवर अंगणातला सारा बर्फ गुलाबी झालेला असतो, आणि या न दिसणाऱ्या झेडच्या टोपीतली अजब शक्तीच अखेर सारे साफ करते.

माझ्या मते दुसऱ्या भागाची खरी करामत इथे आहे. पहिले पुस्तक शब्दांच्या यादीतून जन्मले. दुसऱ्याने मुळाक्षरांनाच रंगभूमीवर आणले. अक्षर आधी की शब्द आधी, यावर पंडित हमरीतुमरीवर आले असताना इकडे सव्वीसच्या सव्वीस अक्षरे टोप्या घालून हुंदडत होती, आणि निरोप घेताना बोका ती ओळीने म्हणूनही दाखवतो.

आणखी एक फरक लहान वाटतो, पण मला तो मोठा वाटतो. पहिल्या भागात घरातला मासा सारखा दटावीत असतो. कुणी त्याला घराची सदसद्विवेकबुद्धी म्हणेल. मला तो शेजारच्या आजोबांसारखा वाटतो. दुसऱ्या भागात मासा नाहीच. बोक्याला खडसावतो तो घरातला मुलगा, स्वतःच्या तोंडाने.