गोफ उलगडताना : सागरी कोलॅजनच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुक्त मूलकांना आवर घालणारे प्रथिन शोधायला निघालेला माणूस कोलॅजनच्या वाटेला सहसा जाणार नाही. या कामात तरबेज असलेल्या अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन त्यात नसतेच. टायरोसीन, हिस्टिडीन नावापुरती. तिसरा हिस्सा एकट्या ग्लायसीनचा. तरीही माशांची कातडी, खवले, जेलीफिश यांतल्या कोलॅजनवर अँटिऑक्सिडंट म्हणून एवढे संशोधन का झाले? हाच प्रश्न घेऊन आपण या विषयात यावे.

उत्तराचा पाया मद्रासमध्ये घातला गेला. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५मध्ये कोलॅजनची रचना मांडली : तीन साखळ्यांचा घट्ट गोफ. हा गोफ शाबूत असतो तोवर त्याच्याकडून मूलकांविरुद्ध फारसे काही घडत नाही. विकरांनी साखळ्या तोडल्या, की आखूड पेप्टाइडे सुटतात आणि दडलेली टोके उघडी पडतात. दक्षिण कोरियातल्या से-क्वोन किम यांच्या गटाने २००५मध्ये होकी माशाच्या कातडीतल्या जिलेटिनमधून, म्हणजे गोफ सुटलेल्या कोलॅजनमधून, अवघ्या सात अमिनो आम्लांचे असे पेप्टाइड वेगळे केले. त्याच्या एका टोकाला हिस्टिडीन, दुसऱ्याला ल्युसीन. गुण कोलॅजनचा म्हणायचा की कापण्याच्या पद्धतीचा? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना विकर कोणते आणि तुकडे केवढे, हे आधी पाहावे.

मग चाचणी पाहावी. डीपीपीएच हे रसायन जांभळे असते आणि मूलक शमले की फिकट होते. चाचणी सोपी, स्वस्त, म्हणून लाडकी. पण हे मूलक आपल्या शरीरात नसते. परीक्षानळीतला आकडा उचलून सुरकुत्यांवरच्या भुकटीच्या डब्यावर छापणे मला गैर वाटते. पचनानंतर काय उरते, हा खरा कस. जिलेटिन खाल्लेल्या माणसांच्या रक्तात प्रोलीन-हायड्रॉक्सिप्रोलीनची जोडी सापडते, हे जपानी संशोधकांनी २००५मध्ये दाखवले. ती तिथे मूलके शमवते का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

आपल्या किनाऱ्यावर या विषयाला मोठा वाव आहे. थंड पाण्यातल्या कॉडच्या कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलीन कमी, त्यामुळे त्याचा गोफ १५ अंश सेल्सिअसच्या आसपासच सुटतो. उष्ण समुद्रातल्या माशांचा त्याहून पक्का असतो. रत्नागिरीच्या सुरिमी (माशांच्या मांसाचा लगदा) कारखान्यांतून निघणाऱ्या कातडी-काट्यांना कॉडवर बेतलेली कृती जशीच्या तशी लागू पडणार नाही. तापमान, विकर, वेळ सारे इथेच नव्याने ठरवावे लागेल.