आउटबोर्ड मोटरसाठी नवा पंखा निवडताना

खाडीत व किनाऱ्यालगत चालणाऱ्या लहान होडीच्या मागील फळीवर जी आउटबोर्ड मोटर टांगलेली असते, तिच्या प्रोपेलरला आपले मच्छीमार बांधव ‘पंखा’ म्हणतात. खडकावर किंवा खुंटावर आदळून पाते मुडपले की होडी थरथरू लागते आणि पंखा बदलावा लागतो. अशा वेळी जुन्यासारखाच नवा आणण्याकडे सर्वांचा कल असतो. परंतु जुना पंखा मुळात त्या होडीला योग्य होता काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

पंख्यावर सहसा दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात होडीने तत्त्वतः कापावयाचे अंतर. प्रत्यक्षात पाणी निसटते व अंतर कमी भरते. पिच जास्त असेल तर वेग वाढतो, पण मोटरवर ताण येतो. कमी असेल तर ओढ वाढते.

निवडीची खरी कसोटी वेग नसून मोटरचे फेरे ही आहे. पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला किती फेरे व्हावेत, याची मर्यादा मोटरच्या पुस्तिकेत दिलेली असते. समजा, ती ४,५०० ते ५,५०० आहे. रिकाम्या होडीत ५,२०० फेरे मिळतात, पण जाळी, बर्फ व चार माणसे चढल्यावर ४,२०० च भरतात. अशी मोटर रोज दमत चालते, तेल अधिक पिते व लवकर झिजते. पिच एक इंचाने घटवल्यास साधारणतः १५० ते २०० फेरे वाढतात. म्हणून येथे दोन इंच कमी पिचचा पंखा घ्यावा. मात्र त्यानंतर रिकाम्या होडीत फेरे वरची मर्यादा ओलांडणार नाहीत, इतका थ्रॉटल आवरावा. चाचणी नेहमीच्या ओझ्यासह व फेरेमापक लावूनच करावी. कानाने अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत, आणि ते बहुधा चुकतात.

पंख्याचे भोक व आतील खाचा आपल्या मोटरच्या दांड्याशी जुळल्या पाहिजेत, हे वेगळे सांगावयास नको.

ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो व आदळल्यावर वाकतो. स्टेनलेस स्टीलचा टिकाऊ खरा, पण त्याचा धक्का आतील गिअरपर्यंत जाऊ शकतो. उथळ, खडकाळ पाण्यात ॲल्युमिनियमच बरे, असे आमचे मत आहे. जड होडीला चार पात्यांचा पंखा पाण्यात चांगली पकड देतो; त्याचा पिच सहसा थोडा कमी घेतात.

जुना पंखा काढल्यावर दांड्याभोवती नायलॉनचा दोरा गुंडाळलेला आहे का, ते अवश्य पाहावे. तो सील कापतो; मग गिअरच्या तेलात पाणी शिरून ते दुधाळ होते. दांड्यास खाऱ्या पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे, वॉशर पूर्वीच्याच क्रमाने बसवावेत व कॉटर पिन नवी घालावी. वाकलेला पंखा सरळ करून, अवजारांसह होडीतच ठेवावा.