छत्तीस वाफ्यांचे कोडे

दोन वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका शाळेत सुडोकूवर बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, हे सगळे आपलेच आहे. खजुराहोच्या मंदिरात कोरलेले आहे. जपान्यांनी नेले." टाळ्या पडल्या. मी तेव्हा काही बोललो नाही. कार्यक्रमाची वेळ संपत आली होती आणि खरे उत्तर एका वाक्यात बसणारे नव्हते. हा लेख म्हणजे त्या दिवशी राहून गेलेले उत्तर. ते शोधताना मी खजुराहोहून निघालो आणि आमच्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीपाशी येऊन थांबलो.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. गेली चौदा-पंधरा वर्षे सुडोकू सोडवण्यापेक्षा रचण्यात माझा वेळ जास्त जातो. लॉजिक मास्टर्स इंडिया या संस्थेच्या ऑनलाइन स्पर्धांना बसतो आणि नातवाच्या वयाच्या मुलांच्या खाली कुठेतरी नाव लागते. त्याचे दुःख नाही. रचणाऱ्याची मजा वेगळी असते. कोड्याला उत्तर हवे आणि ते एकच हवे. शिवाय ते अंदाजाने नव्हे, तर्काने सापडायला हवे. या तीन अटी सांभाळत नवा नियम घालायचा, म्हणजे ओळखीच्याच घरात नवी खोली काढण्यासारखे आहे.

आता त्या गृहस्थांचे म्हणणे पाहू. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार बाय चारचा चौरस कोरलेला आहे, हे खरे. त्यात 1 ते 16 हे अंक आहेत आणि आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज केली तरी 34 येते. म्हणून त्याला चौतिसा यंत्र म्हणतात. नारायण पंडिताने 1356 मध्ये लिहिलेल्या 'गणितकौमुदी'त अशा चौरसांवर 'भद्रगणित' नावाचे अख्खे प्रकरण आहे. आपल्याकडचा अलीकडचा वारसदार म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. 6174 या अंकामुळे ते जगाला माहीत झाले, पण जादूचे चौरस करण्याचाही त्यांना भारी नाद होता. हे सगळे आपले आहेच, त्यावर वाद नाही. मात्र त्यातले काहीही सुडोकू नाही.

जादूच्या चौरसाचा प्राण बेरजेत असतो. सुडोकूत बेरीज नसतेच. अंकांच्या जागी नऊ फळांची चित्रे टाका, फळांची बेरीज होत नाही, तरी सुडोकू जसेच्या तसे सुटते. तिथे प्रश्न एवढाच की कोण कुठे बसणार आणि कोणाच्या ओळीत कोण नको. हा बेरजेचा प्रश्न नाही, पंगतीचा आहे.

जुन्या ग्रंथांत या पंगतीच्या सर्वांत जवळ जाणारा चौरस मला वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त दिसतो, तोही सुगंधी द्रव्ये बनवण्याच्या प्रकरणात. पहिल्या ओळीत 2, 3, 5, 8. दुसरीत 5, 8, 2, 3. तिसरीत 4, 1, 7, 6. चौथीत 7, 6, 4, 1. सोळा घरांत सोळा द्रव्ये, आकडे त्यांच्या भागांचे. प्रत्येक ओळीची बेरीज 18. वाचकांनी पेन्सिल घेऊन पाहावे. एकाही आडव्या ओळीत, उभ्या ओळीत किंवा कोपऱ्यातल्या दोन बाय दोनच्या चौकटीत आकडा दुसऱ्यांदा येत नाही. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. पण घरे चार आणि आकडे आठ, आणि ग्रंथकाराला हवी होती ती अठराची बेरीज. मोह आवरला.

पंगतीचा नियम स्वतंत्रपणे मांडला तो लिओनार्ड ऑयलरने. त्याचा यावरचा निबंध 1782 मध्ये छापला गेला. एका ओळीत एक अक्षर एकदाच, उभ्या ओळीतही एकदाच. लॅटिन अक्षरे वापरली म्हणून तो लॅटिन चौरस. त्याच निबंधात एक कोडे आहे. सहा पलटणींतून सहा-सहा हुद्द्यांचे 36 अधिकारी बोलवा. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत सहाही पलटणी आणि सहाही हुद्दे यावेत. ऑयलरला ते जमले नाही. त्याने अंदाज बांधला की सहालाच नव्हे, तर 10, 14, 18 अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येला ते जमणार नाही. हे छत्तीस अधिकारी वाचकांनी लक्षात ठेवावेत, ते पुन्हा भेटणार आहेत.

सुडोकूचा छापील इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराचे 'नंबर प्लेस' हे कोडे 1979 मध्ये डेलच्या मासिकात आले. त्याने ऑयलरच्या चौरसात तीन बाय तीनच्या चौकटींची अट घातली. 1984 मध्ये ते जपानच्या निकोलीने उचलले आणि नाव दिले. सुडोकूचा अर्थ साधारणपणे 'अंक एकटाच हवा'. हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गुल्ड यांनी ते नोव्हेंबर 2004 मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये नेले आणि मग जगभर साथ पसरली. पहिली जागतिक स्पर्धा 2006 मध्ये इटलीत लुका येथे झाली. तिसरी, 2008 ची, आपल्या शेजारी गोव्यात भरली आणि अमेरिकेच्या थॉमस स्नायडरने जिंकली. 2017 मध्ये बेंगळुरूलाही मान मिळाला.

पण ऑयलर आणि गार्न्स यांच्यामध्ये जवळपास दोनशे वर्षे आहेत. त्या काळात हा चौरस होता कुठे? माझे उत्तर असे की तो शेतात होता.

जालन्याच्या वाचकाला हे समजायला सोपे जाईल. एका रानात सहा वाणांची तुलना करायची आहे. रान सारखे नसते. विहिरीकडे ओल जास्त, वर मुरूम, खाली काळी जमीन. एक वाण सगळा काळ्या मातीत पडला तर तो जिंकणारच, आणि ते श्रेय वाणाचे नव्हे, मातीचे. म्हणून रानाचे सहा बाय सहा म्हणजे 36 वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या पट्ट्यात एकदाच लावायचा. उताराचा फरक एका दिशेने वजा होतो, ओलीचा दुसऱ्या. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. आपल्याकडे ती रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत, वि. गो. पानसे आणि साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. शेतकी कामगारांसाठी सांख्यिकी पद्धती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1954 मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिकल्या.

तरीही एक फट राहते. रानाच्या मधोमध एखादा चोपणाचा तुकडा असला तर? आडव्या-उभ्या पट्ट्यांनी तो पकडला जात नाही. 1956 मध्ये बेरेन्स या जर्मन संशोधकाने उपाय सुचवला. लॅटिन चौरसाचे आणखी लहान चौकोनी गट पाडायचे आणि प्रत्येक गटातही प्रत्येक वाण एकदाच ठेवायचा. जर्मन भाषेत त्याने या मांडणीला जे नाव दिले त्याचा अर्थ 'न्याय्य'. नऊ वाण घ्या, तीन बाय तीनचे गट पाडा, आणि समोर सोडवलेले सुडोकू उभे राहते, गार्न्सच्या 23 वर्षे आधी. गार्न्सने बेरेन्सकडून घेतले असा माझा दावा नाही. हे नाते रक्ताचे नाही, तर्काचे आहे. पण वंशावळच काढायची असेल तर ती देवळाच्या भिंतीवरून नव्हे, बांधावरून काढावी लागते.

आणि बांध म्हटला की आमचा जिल्हा आला. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण आहे, पण गेल्या साठ वर्षांत या पाळण्यात बियाणे वाढले. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आजूबाजूला बियाण्यांच्या कंपन्यांची रांगच लागली. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली 'बीडीएन 711' ही तूर मराठवाड्यात कोणाला माहीत नाही? त्या 'बीडीएन' म्हणजे बदनापूरच. असा प्रत्येक वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधी कुठल्या ना कुठल्या आखीव वाफ्यांतून गेलेला असतो. वाण पुष्कळ असले की लॅटिन चौरस परवडत नाही, दुसऱ्या मांडण्या घेतात. पण पाच-सहा-आठ वाणांना तो बरोबर बसतो.

आमचे आबा अशाच एका कंपनीच्या प्रक्षेत्रावर मदतनीस होते. दहावी नापास. दोरी धरायची, खुंट्या ठोकायच्या, पाट्या लावायच्या, वेचणीला प्रत्येक वाफ्याचा कापूस वेगळा तोलायचा. आराखडा साहेब देत, पण आबा तो घरी येऊन वहीत उतरवून घेत, कारण पाऊस आला की साहेबांचा कागद भिजे. ते गेल्यावर पेटीतून अशा चार वह्या निघाल्या. मी त्या ठेवून दिल्या होत्या. शाळेतल्या त्या कार्यक्रमानंतर पुन्हा काढल्या.

बहुतेक पानांवर साधे चौरस, अ ब क ड. पण तिसऱ्या वहीत एक पाच बाय पाचचा चौरस आहे आणि त्याच्या प्रत्येक घरात दोन खुणा आहेत. अक्षर वाणाचे, आकडा खताच्या मात्रेचे. अक्षर दर ओळीला एक घर सरकते, आकडा दोन घरे. प्रत्येक ओळीत सगळे वाण, सगळ्या मात्रा, आणि एकही जोडी दुसऱ्यांदा नाही. हे साहेबांच्या आराखड्यातले नव्हे, कारण शेजारी आबांच्या अक्षरात खाडाखोड आहे. त्यांनी ते स्वतः जमवले होते. पुढच्या पानावर सहा बाय सहा. तिथे घरे भरली आहेत, खोडली आहेत, पुन्हा भरली आहेत. त्यापुढची सात पानेही तशीच. शेवटच्या पानाचा कागद खोडरबराने इतका झिजला आहे की पलीकडची ओळ दिसते. त्याखाली एकच शब्द आहे, 'डोके'. लहानपणी आबा कपाळावर बोट मारून म्हणायचे, "इथं कमी पडतं आपलं." मला वाटायचे ते पगाराविषयी बोलतात.

छत्तीस वाफे. ऑयलरचे छत्तीस अधिकारी. पलटणीच्या जागी वाण, हुद्द्याच्या जागी मात्रा.

ऑयलरच्या अंदाजाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे, कारण त्यात एक मराठी माणूस आहे. सहाचा प्रश्न गॅस्टन तारी याने 1900-01 मध्ये निकालात काढला. हा अल्जीरियातला फ्रेंच सरकारी नोकर, गणित त्याचा छंद. सहाचे 9,408 मूळ चौरस गट पाडून हाताने तपासले आणि दाखवले की उत्तर नाही. म्हणजे सहापुरता ऑयलर बरोबर. बाकीच्या संख्यांसाठी मात्र तो साफ चुकला होता. हे 1959 मध्ये तिघांनी सिद्ध केले, राज चंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अमेरिकेचे अर्नेस्ट पार्कर. श्रीखंडे सागरला 1917 मध्ये जन्मले, नागपुरात शिकले. बोस आणि श्रीखंडे यांनी 22 बाय 22 चा जोडचौरस उभा केला, पार्करने 10 बाय 10 चा, आणि मग तिघांनी मिळून 10 पासून पुढच्या सगळ्याच संख्यांचा निकाल लावला. 26 एप्रिल 1959 च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि 2020 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी वारले. खजुराहोसाठी टाळ्या वाजवणाऱ्या त्या सभागृहात त्यांचे नाव कोणालाच माहीत नव्हते. त्यात गणिताचे शिक्षकही होते. मी स्वतः ते पन्नाशी उलटल्यावर वाचले, तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

त्यानंतर मी जे सुडोकू रचतो त्यात एक प्रकार वाढला आहे. त्याला मी 'रान' म्हणतो. चौकटी चौकोनी नसतात, वाकड्यातिकड्या असतात, आमच्याकडच्या वाटण्या झालेल्या जमिनींसारख्या. या जातीचे सुडोकू जगभर आहेच, नियम माझा नाही. माझी भर एवढीच की काही घरांना ओलीची खूण असते आणि दोन ओली घरे शेजारी आली तर त्यांतल्या अंकांत किमान तिनाचा फरक हवा. असे एक रचायला मला आठवडा लागतो. मागच्या महिन्यात एका सतरा वर्षांच्या मुलीने ते 11 मिनिटांत सोडवले आणि वर सांगितले की चौथी दिलेली संख्या फुकट आहे, तिच्याशिवायही सुटते. तपासले. तिचे बरोबर होते.

आबांच्या तिसऱ्या वहीतल्या त्या झिजलेल्या पानावर, 'डोके' या शब्दाखाली, मी बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे, 'सहाला होत नाही. कोणालाच होत नाही.' पेन्सिलने लिहिले, कारण आबांनी त्या वह्यांत पेन कधी लावला नव्हता.